गाभ्याची रुंदी

डॉक्टर ऑल्मेदो विल्यासीस यांना नकाशा देखणा लागतो. माणूस वाईट नाही. पण ज्वालामुखीच्या वेधशाळेचं प्रमुखपद सांभाळण्यापेक्षा त्यांनी दिवाणखान्याचे पडदे विकले असते तर जास्त नाव कमावलं असतं, असं मी त्या दिवसांत रोज एकदा तरी मनाशी म्हणत होते. तामियारूमीचा डोंगर पोटातल्या पोटात गुरगुरत होता. धक्के बारीक, माणसाला जाणवूही नयेत असे, पण थांबायचं नाव घेत नव्हते. आणि सकाळ झाली की डॉक्टर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे.

"एल्विया, हे गोवर आल्यासारखे डाग नकोत गं. गव्हर्नरसाहेबांना डाग कळत नाहीत. एक छानसा मऊ लाल पट्टा दे."

हा पट्टा कसा काढतात ते आधी सांगून टाकते. प्रत्येक धक्का म्हणजे नकाशावर एक ठिपका. त्या प्रत्येक ठिपक्यावर मक्याच्या पिठाची एक चिमूट सोडायची, असं समजा. ठिपके दाट तिथे पिठाचा ढीग उंच, आणि ढीग उंच तिथे धोका मोठा. या चिमटीला आमच्या गणितात गाभा म्हणतात. गाभा अरुंद ठेवला की ठिपके सुटे सुटे दिसतात. रुंद ठेवला, म्हणजे चिमटीऐवजी मुठीने भसाभस पीठ टाकलं, की सगळं मिळून एक गोजिरी टेकडी होते आणि खाली काय दडलंय ते कुणाच्या बापाला दिसत नाही. डॉक्टरांचा हात मुठीचा.

गाभा हा शब्द आमच्याकडे मिठासारखा आहे, सगळ्यात पडतो. संगणकाच्या पोटात बसून घड्याळापासून तारांपर्यंत सगळ्यांवर हुकूम चालवणारा जो मूळ प्रोग्राम, तोही गाभाच. खडकातून लाट कशी येते त्या हिशेबातही एक गाभा असतो. शेजारच्या इमारतीतले शेतकीवाले मक्याचा दाणा फोडून आतल्या गाभ्याचे फोटो काढतात, आणि ते फोटो स्वच्छ करायला जी आकड्यांची चाळणी फिरवतात तिचंही नाव गाभा. शास्त्रज्ञांना बारशाला बोलावू नये. सगळ्या पोरांना एकच नाव ठेवतील आणि जेवून जातील.

त्या गुरुवारी सकाळी लष्कराच्या ट्रकांनी दक्षिण उतारावरचं सान हासिंतो गाव रिकामं केलं. डॉक्टरांचा मऊ लाल पट्टा बरोबर त्या गावावर पसरला होता. माणसं नेली उत्तर उतारावर, लोमा ग्रांदेच्या शाळेत. नकाशावर तिथे हिरवंगार होतं.

लोमा ग्रांदेची मास्तरीण म्हणजे माझी धाकटी बहीण हेनोबेबा. घरात बेबा. शाळा तिची, दोन्ही गावांना पाणी देणाऱ्या कालव्याच्या कमिटीची ती अध्यक्ष, दूध गोळा करणारी गाडी तीच चालवते, आणि शाळेच्या परसात आमचं धक्के टिपणारं जे खोकं आहे त्याची राखणही तिच्याकडे. उरलेल्या वेळात ती मला फोन करून टोमणे मारते.

"न्यान्या," बहिणीला आमच्याकडे अशीच हाक मारतात, "तुझ्या नकाशाने माझी शाळा भरली बघ. पटावर एवढी हजेरी कधी नव्हती. फरक एवढाच, की निम्म्यांना दात नाहीत."

"नीट वागतायत ना?"

"नीट? मागच्या खेपेला हलवलं तेव्हा डोंगराने साधा ढेकर दिला नव्हता, आणि घरी परत गेले तर गायी चोरीला. ते सगळं सकाळपासून मलाच ऐकवतायत. जसं काही गायी मी नेल्या."

"जेवायला?"

"मोते शिजत घातलाय. मका फुटायला दुपार होईल. तुमच्या डॉक्टरला विचार, मीठ पाठवतो का."

दुपारी आमच्याच इमारतीच्या सभागृहात आपत्ती समितीची बैठक बसली. गव्हर्नरचा माणूस, लष्कराचा माणूस, बिशपचाही एक माणूस. सान हासिंतोच्या लोकांनी अर्ज दिला होता, खालच्या कुरणात जाऊन गायी तरी पिळू द्या. समितीने विचारलं, खालचं कुरण पट्ट्यात येतं की नाही? डॉक्टरांनी तोच नकाशा उचलला.

"डॉक्टर, या नकाशात एवढं बारीक दिसत नाही," मी म्हणाले. "गाभा अरुंद करून बघते. थोडा वेळ द्या."

"आता नवा नकाशा काढलास तर विचारतील जुना का बदलला. आहे तो पुरे." आणि ते कॉलर नीट करत आत गेले.

मला राग आला. राग आला की मी काम करते, ही माझी खोड आहे. दुसरी माणसं भांडी आपटतात. मी खुर्ची ओढली, गाभा निम्मा केला, मग आणखी निम्मा, आणि प्रत्येक दिवसाच्या ठिपक्यांना वेगळा रंग दिला. जुने ते पिवळे, मधले नारिंगी, कालचे-आजचे लाल.

गोजिरी टेकडी वितळली आणि खाली दडलेलं उघडं पडलं. ठिपक्यांची रांग होती. पिवळे वर, मग नारिंगी, मग लाल, शाळेतली पोरं प्रार्थनेला जातात तशी एकामागे एक, सरळ दक्षिणेकडे निघालेली. धक्के असे चालत नाहीत. डोंगराला शिस्त नसते. तो इथे खोकतो, तिथे खोकतो. आणि या रांगेला मागच्या मागे ओढलं तर तिचं मूळ थेट बेबाच्या शाळेच्या परसात जात होतं. सगळे ठिपके तिथल्या खोक्याकडे पाठ करून रोज थोडे थोडे लांब चालले होते.

"वॉशिंग्टन!" मी हाक मारली.

वॉशिंग्टन तोआपांता आमचा इंजिनिअर. चाळिशीचा, गोल, गोड स्वभावाचा माणूस. डोंगरावरची सगळी खोकी त्याच्या ताब्यात. खिशात कायम भाजलेला मका असतो आणि तोंडात त्याहून जास्त.

"लोमा ग्रांदेच्या खोक्याला शेवटचा हात कधी लावलास?"

"हात कशाला लावू? इथूनच काम केलं. मागच्या आठवड्यात. आतला गाभा जुनाट झाला होता, नवा चढवला. एकदम झकास चाललंय आता."

"वर जाऊन बघितलंस?"

"रस्ता बंद होता की."

"आणि घड्याळ?"

तो चावायचा थांबला. खोक्याला वेळ आकाशातून मिळते, उपग्रहाकडून, छपरावरच्या अँटेनाने. ती अँटेना ओळखायचं काम त्याच गाभ्याचं; ओळखली तर खोक्यातला दिवा हिरवा, नाहीतर लाल. नव्या गाभ्याला जुनी अँटेना ओळखता आली नाही, तर खोकं स्वतःच्या पोटातल्या स्वस्त घड्याळावर चालत राहतं, आणि ते घड्याळ रोज थोडं पुढे पळतं. घड्याळ पुढे गेलं, की लाट खोक्याकडे उशिरा पोचली असं नोंदलं जातं. उशिरा पोचली म्हणजे धक्का लांब झाला. उद्या आणखी उशीर, म्हणजे आणखी लांब.

"दिवा हिरवा आहे की लाल ते मी बघितलं नाही," वॉशिंग्टन हळूच म्हणाला. "इथून दिवा दिसत नाही, एल्विया."

मी बेबाला फोन लावला. मागे पोरांचा कलकलाट, कुणीतरी गिटार काढली होती.

"बेबा, परसात जा. खोकं उघड."

"आत्ता? माझ्या हातात पळी आहे."

"पळी ठेव कुणाकडे तरी. पळ."

माझा आवाज ऐकून तिने टोमणा मारला नाही. पावलांचा आवाज, कुलूप, मग झाकण.

"दिव्याचा रंग सांग."

"लाल. तो आठवडाभर लालच आहे. मला वाटलं, नवीन काहीतरी केलंयत तुम्ही, शोभेचं."

"पडद्यावर वेळ दिसते? मी 'आत्ता' म्हणेन तेव्हा दिसेल तो आकडा मोठ्याने वाच."

चार-पाच वेळा केलं. फोनला लागतो तेवढा उशीर धरला, तरी खोकं दोन सेकंद पुढे होतं. दोन सेकंद म्हणजे काय हो? माणूस शिंकेपर्यंत जातात. पण तेवढ्यात खडकातली लाट दहा किलोमीटर कापते. सान हासिंतो आणि लोमा ग्रांदे यांच्यात अंतर तेवढंच.

"न्यान्या, काय झालंय?"

"फोन जवळ ठेव. आलेच."

लोमा ग्रांदेचं खोकं हिशेबातून काढून टाकलं आणि उरलेल्या खोक्यांवर सगळे धक्के पुन्हा मांडले. वॉशिंग्टन माझ्या खांद्यावरून बघत होता, त्याच्या श्वासाला मक्याचा वास येत होता. पडद्यावरची रांग मोडली. ठिपके मागे फिरले, एकमेकांत घुसले आणि एका ठिकाणी गच्च गोळा झाले. गाभा रुंद करा, अरुंद करा, ढीग हलेना. तो शाळेच्या माथ्यावरच्या उतारावर बसला होता, आणि आजचे ठिपके सगळ्यांत उथळ होते.

आगीतून फुफाट्यात पडणं ऐकलं होतं. इथे आग नव्हतीच. आम्ही माणसं सुरक्षित घरांतून उचलली आणि ट्रकात घालून फुफाट्यावर नेऊन बसवली.

"देवा," वॉशिंग्टन म्हणाला आणि मटकन खाली बसला. त्याला धीर द्यायला मला वेळ नव्हता आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती.

डॉक्टरांना मी बैठकीतून बाहेर काढलं, जवळजवळ बाही धरूनच. व्हरांड्यात उभं राहून त्यांनी दोन्ही नकाशे पाहिले. हुशार माणूस आहे, समजायला वेळ लागला नाही.

"पडताळून बघ," ते म्हणाले. "उद्या सकाळपर्यंत."

"पडताळलंय. बेबाने दिवा बघितला, वेळ वाचली. धक्के वर सरकतायत, डॉक्टर. उद्याची सकाळ कुणी बघितलीय?"

"एल्विया, ऐक माझं. सकाळी मी सांगितलं दक्षिण. आता सांगू उत्तर? मागच्या वेळी काही झालं नाही, तर लोकांनी माझ्या गाडीवर बटाटे फेकले होते. यापुढे मी सांगितलं की तुमचं घर पेटलंय, तर हे लोक आधी हात शेकून घेतील."

"तिथे माझी बहीण आहे."

"तेच तर. म्हणतील, बाईने बहिणीसाठी नकाशा फिरवला."

हे मला लागलं. इतकं, की पुढे मी त्यांना जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही, माझी आई हे वाचते. शेवटी डॉक्टरांनी नकाशे माझ्या हातातून घेतले. "आत मांडतो. पण ट्रक बराकीत परत गेलेत. गव्हर्नरची सही झाल्याशिवाय ते हलणार नाहीत, आणि गव्हर्नर राजधानीत आहेत." दार त्यांच्यामागे बंद झालं. आतून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, मग सगळे एकदम बोलायला लागले.

मी सहीची वाट बघितली नाही. बेबाला सगळं सांगितलं, काही न लपवता.

"किती वेळ आहे?" तिने विचारलं.

"माहीत नाही. कदाचित आठवडा. कदाचित तासभर."

"न्यान्या, हे लोक उठायचे नाहीत गं. आत्ता कुठे तान्ही पोरं झोपवलीत, पातेलं उकळतंय. मी पळा म्हटलं तर विचारतील, सकाळचं खोटं होतं की आत्ताचं?"

"आत्ताचं खरं आहे!"

"मला ठाऊक आहे. त्यांना कोण पटवणार? तुमचा डॉक्टर?" मग तीच म्हणाली, "मिंगा बोलावते."

"काय?"

"मिंगा. शाळेची बाकं, कपाटं, काळे फळे, सगळं जुन्या पुलापलीकडे गुरांच्या बाजाराच्या मैदानात वाहून न्यायचं. सरकार नवी बाकं देणार आहे, जुनी आजच्या आज जमा करा म्हणालेत."

"बेबा, असं खोटं..."

"सरकार नवी बाकं देणार हे खोटंच असतं, सगळ्यांना माहीत आहे. तरी येतील. मिंगाला नाही म्हणायची कुणाची छाती आहे?"

तिचं बरोबर होतं. मिंगा म्हणजे गावकाम, सगळ्यांनी मिळून करायचं, फुकट. ज्वालामुखीला नाही म्हणता येतं, लष्कराला नाही म्हणता येतं, डॉक्टर विल्यासीसना तर कुणीही नाही म्हणतं. पण मिंगाला आला नाही त्याचं पाणी बंद होतं, आणि पाण्यापेक्षा वाईट म्हणजे त्याच्याशी बोलणं बंद होतं. कालवा दोन्ही गावांचा, म्हणून मिंगाही दोन्ही गावांची.

फोन चालूच होता. थोड्या वेळाने मला शंख ऐकू आला. मिंगासाठी आमच्याकडे शंख फुंकतात, लांब, एका दमात. गिटार थांबली. मग कुरकुर सुरू झाली, आणि ती कुरकुर ऐकून मला रडू फुटायचं बाकी राहिलं, कारण ती उठणाऱ्या माणसांची होती.

"आजच? हिला आजच सुचलं?"

"सरकारचं डोकं फिरलंय."

"ए, ते टोक धर नीट, पाय चिरडशील माझा!"

पडद्यावर बाकीच्या खोक्यांच्या रेषा जाड होत चालल्या होत्या. एकाचा धक्का शमतो न शमतो तोच दुसरा. वॉशिंग्टन उठून उभा राहिला होता. "धक्के आणखी उथळ येतायत," तो म्हणाला. मी त्याला गप्प बस म्हणाले.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा उन्हं कलली होती. राजधानीशी फोन लागत नव्हता, समितीत भांडण चाललं होतं. मी त्यांना मिंगाचं सांगितलं.

"हे बेकायदेशीर आहे," ते म्हणाले. मग त्यांनी पडद्याकडे पाहिलं, कोट काढला आणि माझ्या शेजारी बसले. पुन्हा कायद्याचं नाव काढलं नाही.

फोन खरखरला. बेबाचा आवाज धापा टाकत, पण हसरा. "पोचलो! पुलापलीकडे आहोत. बाकं आली, फळे आले, घंटासुद्धा खांद्यावर घालून आणली. मैदानभर माणसं आहेत, सगळी मला शिव्या देतायत. न्यान्या, जमलं गं!"

मी टेबलावर डोकं टेकलं. वॉशिंग्टनने माझ्या पाठीवर थाप मारली, फार जोरात. डॉक्टर पुढे वाकून फोनमध्ये म्हणाले, "शाबास, मास्तरीणबाई. म्हातारी माणसं कशी उतरली हो एवढा उतार?"

"बेबा?"

"म्हातारी माणसं," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान मुलीचा झाला होता. "न्यान्या, साठीच्या पुढच्यांना मिंगा माफ असते."

लोक काम करायला निघाले होते, पळायला नाही. पळायला निघाले असते तर आधी आईबापांना उचललं असतं. मिंगाला निघाले, म्हणून तान्ही पोरं पाठीला बांधली आणि म्हाताऱ्यांना नेहमीसारखं चुलीपाशी ठेवलं. येतोच तासाभरात, मोतेवर लक्ष ठेवा. आमच्या गावांत असंच करतात, पिढ्यान् पिढ्या. बेबाला ते सुचलं नाही, मला सुचलं नाही. ज्यांना मिंगा काय असते ते लहानपणापासून माहीत आहे अशा आम्हा दोघींनाच ते सुचणार नव्हतं. डॉक्टर शहरातले, म्हणून त्यांनी विचारलं.

"मी जाते," बेबा म्हणाली. दुधाच्या गाडीचं दार आपटलं. "दोन्या त्रान्सितो आहे तिथे, ताइता सेगुंदो आहे, बारा-पंधरा जण असतील. पाठीमागे उभे करून आणते."

मला म्हणायचं होतं, जाऊ नकोस. माझी एकच बहीण आहे. पण म्हटलं नाही. ती माझ्या जागी असती तर मला थांब म्हणाली नसती.

"गाडीतला वायरलेस चालू ठेव," मी म्हणाले.

ती चढावर लागली. इंजिनाचा घरघराट, दगड उडाल्याचे आवाज. मग आमच्या खिडक्यांच्या काचा थरारल्या. कुणीतरी खालून इमारतीला खांदा लावावा तसं झालं. पडद्यावरच्या सगळ्या रेषा एकदम काळ्या झाल्या, वरपासून खालपर्यंत, आणि त्या काळ्या गर्दीत लोमा ग्रांदेची रेषा एकदा उसळली आणि सपाट झाली.

खिडकीतून डोंगर दिसत होता. शिखर जागच्या जागी होतं. धूर शिखरातून येत नव्हता, बाजूने येत होता, उत्तरेच्या कुशीतून, जाड आणि तपकिरी, आणि खाली उतरत होता.

वायरलेसवर नुसती खरखर.

"बेबा," मी म्हणाले. "बेबा, बोल." परत म्हणाले. कितीदा ते आठवत नाही. वॉशिंग्टन भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. डॉक्टरांनी माझ्या हातातून वायरलेस घेतला आणि स्वच्छ, संथ आवाजात हाक मारायला लागले, जशी काही रोजचीच हजेरी घेत आहेत.

"...ऐकू येतंय का?" खरखरीतून आवाज फुटला. "न्यान्या? वळणावर आहे मी, कोरड्या ओढ्याच्या. अर्ध्या वाटेत. सगळे इथेच आहेत!"

"कोण सगळे?"

"म्हातारे! सगळे! चालत निघाले होते माझ्या आधीच. प्रत्येक जोडीच्या खांद्यावर एक बाक. पोरांची पुढची बाकं राहिली होती ना, ती घेऊन."

तिच्यामागून एक फाटका, संतापलेला आवाज ऐकू आला. दोन्या त्रान्सितो. "मी मेले का अजून? हा कालवा मी खणलाय, तुझी आजी आणि मी! आम्हाला न विचारता मिंगा करतात! माफ म्हणे! कुणी मागितली माफी?"

"गाडीत घाल त्यांना, बेबा! निघ तिथून!"

"चढत नाहीत! बाकं आधी म्हणतात. न्यान्या, राख पडायला लागलीय, काच दिसत नाही मला."

"बाकं फेकून दे ओढ्यात!" मी किंचाळले.

"फेकून तर बघ म्हणावं!" दोन्या त्रान्सितो तिकडून किंचाळली.

डॉक्टर उठून उभे राहिले. वायरलेस तोंडाशी धरून म्हणाले, "दोन्या त्रान्सितो, मी डॉक्टर विल्यासीस बोलतोय. सकाळी तुम्हाला चुकीच्या जागी आणून बसवलं ते मी. नकाशा माझा. चूक माझी."

खरखर. मग म्हातारी म्हणाली, "ते कळलं आम्हाला. डोंगर डोक्यावर फुटल्यावर कुणालाही कळेल. आता बाकांचं काय ते बोला."

डॉक्टरांनी डोळे मिटले. "बेबा," ते म्हणाले, "बाकं आधी घे. मग यांना. पण लवकर, लेकी, लवकर."

गाडीच्या फळीवर लाकूड आपटायला लागलं. कुणीतरी खोकत होतं, कुणीतरी किचुआ या डोंगरी भाषेत देवाचं नाव घेत होतं, आणि मधूनच ताइता सेगुंदो सांगत होता की बाक उलटं ठेवा, म्हणजे दोन मावतात. मी दातांनी स्वतःचं मनगट धरून ठेवलं होतं. बाकं चढली. मग म्हातारे चढले. मग बेबाने गाडी उताराला लावली. वायरलेसचं बटण कुणाच्या तरी गुडघ्याखाली दाबलेलंच राहिलं होतं, त्यामुळे जुन्या पुलापर्यंत दोन्या त्रान्सितो माझ्या बहिणीला शिव्या देत होती ते आम्ही तिघांनी शब्दन् शब्द ऐकलं. इतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही.